अठराशे वकील

आमच्या घरमालकांच्या दारात कुरिअरवाला यायचा नाही. कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी गाडी लावून तो मला तिथूनच फोन करायचा, "मॅडम, तुम्हीच खाली या. मी न्हाय तिकडं येत." असं का, ते मला राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मी तेव्हा कोल्हापुरात एका खासगी कॉलेजात शिकवायला लागले होते. माझं गाव नेसरी. रोज जाऊन-येऊन नोकरी करणं शक्य नव्हतं, म्हणून मंगळवार पेठेत एका वकिलांच्या माडीवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्या आठवड्यात एका दुपारी खालून आवाज आला म्हणून जिन्यात आले, तर घरमालक दारात आडवे उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी विजार आणि दुपारच्या उन्हातही अंगात काळा कोट. समोर कुरिअरवाला.

"काय आहे?"

"कुरिअर हाय काका. माडीवरच्या मॅडमचं."

"ते दिसतंय. आत काय आहे? पत्र आहे का?"

"मला काय म्हाईत? पाकीट हाय."

"पाकिटात पत्र असलं तर तू गुन्हा करतोयस. पत्र पोचवायचा हक्क एकट्या सरकारचा. अठराशे अठ्ठ्याण्णवचा टपाल कायदा."

कुरिअरवाल्यानं पाकिटाकडं बघितलं. "मग उघडून बघू का?"

"उघडलंस तर दुसरा गुन्हा."

बिचारा पाकीट हातात धरून तसाच उभा. ते खाली ठेवावं की वर धरावं, त्यालाही कळेना. म्हणाला, "आमच्या पावतीवर डॉक्युमेंट लिहिलंय की वो."

"सगळे कुरिअरवाले तेच लिहितात. पत्राला पत्र म्हणायची चोरी आहे ना!"

तेवढ्यात मी जिन्यावरून म्हणाले, "अय्या, माझं नेमणुकीचं पत्र आलं वाटतं!"

घरमालक माझ्याकडं वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, जणू मीच त्यांची साक्षीदार. "ऐकलंस? पत्र! कबुलीजबाब आला." कुरिअरवाल्यानं पाकीट पायरीवर टाकलं आणि गाडीला किक मारली. त्यानंतर तो गल्लीत दिसला नाही.

गल्लीत सगळे त्यांना 'अठराशे' म्हणत. मागून म्हणत आणि कधीकधी तोंडावरही, कारण त्यांना ते आवडायचं. इंग्रजांनी अठराशे साली अमुक आणि अठराशे साली तमुक कायदा केला, यापलीकडं त्यांचं फारसं बोलणं नसे. त्यातही जमिनीचे, वारसाहक्काचे, चार पैसे मिळवून देणारे कायदे त्यांना नीरस वाटायचे. त्यांचा जीव टपाल, तार, गाड्या, नावा, होड्या यांच्या कायद्यांवर. त्यामुळं वकिली बेताचीच होती. रोज डबा घेऊन कोर्टात जायचे, बाररूममध्ये बसायचे आणि कुणाच्या हातात मोबाईल दिसला, की विचारायचे, "हे काय आहे सांगा बघू?"

नवखा वकील म्हणायचा, "मोबाईल."

"कायद्याच्या दृष्टीनं हे तारयंत्र आहे. अठराशे पंच्याऐंशीच्या कायद्यात व्याख्या वाचा."

घरातही ते मोबाईलला तारयंत्रच म्हणायचे. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, मोबाईलवर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि घरगुती औषधं नातेवाइकांना पाठवायच्या. वकीलकाका चहाचा घोट घेत म्हणायचे, "मेथीच्या पाण्यानं गुडघा बरा होतो, हे खोटं आहे असं ठाऊक असून पुढं पाठवलंस तर तीन वर्षं कैद."

"मला कुठं ठाऊक आहे खोटं आहे ते? मला खरंच वाटतंय."

"मग सुटलीस," काका म्हणायचे आणि पेपर उघडायचे. काकू माझ्याकडं बघून डोळा मिचकावायच्या. इतक्या वर्षांत त्या कायद्यातून सुटायच्या सगळ्या वाटा शिकल्या होत्या.

काकांची थोरली बहीण नेसरीला दिलेली. मी सुट्टीला गावी जाते हे कळल्यावर ते एकदा चिठ्ठी घेऊन माडीवर आले. मी हात पुढं केला, तर त्यांनी चिठ्ठी मागं घेतली.

"थांब. आधी दोन प्रश्न. तू तुझ्या कामासाठी गावी निघालीयस का माझ्या?"

"माझ्याच."

"मी तुझा स्नेही आहे का?"

मी भाडेकरू. हो म्हणावं की नाही? म्हटलं, "आहात की काका."

"ठीक. वाटेनं जाणाऱ्या स्नेह्यानं मोबदला न घेता पत्र नेलं तर चालतं. कायद्यात तशी सूट आहे. पण मोबदला म्हणजे कुठलाही मोबदला. तिथं चहासुद्धा घ्यायचा नाही."

मी नेसरीत आक्कांच्या दारात चिठ्ठी दिली आणि उभ्या उभ्या निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. "आगं बस की! उनातनं आलीयास. च्या टाकतो."

"नको आक्का. काकांनी सांगितलंय, चहा घेतला तर गुन्हा होतो."

आक्कांनी चिठ्ठी माझ्यासमोरच फोडली. आत एकच ओळ होती: 'सर्व क्षेम. तुम्ही सर्व कसे आहात?' आक्का आत गेल्या, बशीभर शेंगदाण्याचे लाडू आणून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, "हे खा, मग च्या घे, आन् त्या खुळ्याला जाऊन सांग, आक्कानं गुन्हा करायला लावला. बघू कोन धरायला येतंय ते."

परत आल्यावर मी काकांना खरं ते सांगितलं. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून एक पान चाळलं. मग म्हणाले, "चिठ्ठी दिल्यानंतर दिला ना? मग तो पाहुणचार."

वकीलकाकांचं रान गडमुडशिंगीला. वडिलांच्या मागं दोघा भावांत वाटणी झाली होती. मध्ये बांध, अलीकडं काकांचा वाटा, पलीकडं धाकट्याचा. दोन्ही वाटे धाकटाच करायचा. काका रविवारी वडापनं रान बघायला जायचे. वडाप म्हणजे आमच्याकडची खासगी जीप. बसतील तेवढे आत, उरलेले लोंबकळत. चालक गडमुडशिंगीचाच, बोलायला तिखट. त्याच्याशी काकांचा नेहमीचा वाद.

"दारावर प्रवाशांची संख्या रंगवलेली पाहिजे. अठराशे एकसष्टचा कायदा."

पुढच्या रविवारी चालकानं खरंच रंगवून आणलं: 'प्रवासी संख्या: बसतील तेवढे'.

कधीतरी चालकानंही तो कायदा कुणाकडून तरी ऐकून घेतला. "वकीलसाहेब, तो कायदा घोडागाडीचा हाय म्हणं. माझ्या जीपला घोडा कुठाय?"

"इंजिनाची ताकद कशात मोजतात?"

जीपमधली माणसं हसू दाबायला लागली. काका पुढं म्हणाले, "आणि त्याच कायद्यात लिहिलंय, आजारी घोडा जुंपला तर दंड. हे तुझं इंजिन सकाळपासनं खोकतंय."

पण एकदा चालकानं त्यांना गारद केलं. उजळाईवाडीपाशी गाडी थांबवून मागं वळून म्हणाला, "साहेब, एक सांगा. ह्यो इंग्रजाचा कायदा. पर आपलं कोल्हापूर तर संस्थान व्हतं. आमच्या आज्याच्या टांग्याला इंग्रजाचा कायदा कुठनं लागू व्हईल?"

गाडी सुरू झाली, रानापर्यंत काका खिडकीबाहेर बघत राहिले. मी बरोबर होते. काकूंनी गवती चहा आणायला पाठवलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी कुणालाही कलम सांगितलं नाही. गल्लीत लोक चौकशीला यायला लागले, बरं नाही का म्हणून. पुढच्या रविवारी मात्र ते ताठ चालत वडापपाशी गेले.

"संस्थान विलीन झालं, तेव्हा हे कायदे इथं लागू केले."

"म्हंजे आमचं आजं सुटलं?"

"सुटला."

"आन् मी सापडलो?"

"तू सापडलास."

चालकानं कपाळावर हात मारून घेतला आणि त्या दिवशी काकांकडून भाडं घेतलं नाही. काकांनी ते त्याच्या सीटवर ठेवलं. फुकट प्रवासाबद्दल रेल्वेच्या कायद्यात काय आहे, हेही त्यांना ठाऊक होतंच.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग गडमुडशिंगीत टॉवर आले.

विजेची मोठी लाईन जाणार होती. कंपनीची माणसं रानात खुणेच्या खांबुट्या रोवून गेली. एक टॉवर नेमका धाकट्याच्या वाट्यात येत होता, आणि तिथंच त्यानं नव्या घराचा पाया खणला होता. त्याचं जुनं घर गावठाणात, दोन खोल्यांचं. थोरल्या पोराचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी घर बघितल्यावर होकार दिला नव्हता, 'नवं बांधून झालं की कळवा' म्हणाले होते. त्यावर त्यानं आयुष्यभराची बचत विटांत घातली होती. तारांखाली घराला परवानगी मिळत नाही. म्हणजे पायाही गेला आणि पोराचं लग्नही लांबलं.

गावातल्या ज्यांच्या ज्यांच्या रानात खांबुट्या होत्या, ते सगळे म्हणाले, "काळजी कशाला करायची? आपला अठराशे हाय की. कंपनीला पळवून लावंल." धाकटाही निर्धास्त होता. कंपनीचा अधिकारी पोलीस घेऊन येणार त्या दिवशी त्यानं काकांना मुद्दाम बोलावलं. माझ्या कॉलेजला सुट्टी होती, म्हणून काकूंबरोबर मीही गेले.

रानात माणसं जमली होती. अधिकारी तरुण होता, घाबरलेला होता. त्यानं कागद काढून वाचायला सुरुवात केली, "वीज कायद्याखाली कंपनीला हा अधिकार आहे, त्यामुळं तुम्हाला विरोध…"

"चूक," काका म्हणाले.

लोकांत कुजबुज झाली. धाकट्याची छाती फुगली.

"वीज कायद्यात तुम्हाला स्वतःचा अधिकार नाही. सरकारनं लेखी हुकूम काढून तारखात्याचे अधिकार तुम्हाला दिलेत. मूळ अधिकार अठराशे पंच्याऐंशीच्या तारेच्या कायद्यातला. कलम दहा. मालकाची परवानगी लागत नाही. कुणी अडवलं तर कलम सोळाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडं जा, ते हुकूम देतात. तुम्ही उगाच चुकीचं कलम सांगताय, उद्या कोर्टात पडाल."

अधिकाऱ्याला इतकं हायसं वाटलं, की त्यानं खिशातलं पेन काढून ते कागदावर लिहून घेतलं. "थँक्यू सर. कलम दहा?"

"दहा. आणि सोळा."

मग धाकटा पुढं आला.

"आण्णा, तू कुणाच्या बाजूनं हाईस?"

"मी चुकीचं कसं बोलू? कायद्यात तसं आहे."

"माझ्या पायावर उभा राहून तू त्येला कलम सांगतोस?" धाकट्याचा आवाज फाटला. "मग आता जेवायला बी कायद्याच्याच घरी जा. माझ्या दारात यायचं न्हाय."

आम्ही वडापनं परत आलो. नेहमी बडबडणारा चालकसुद्धा आज आरशातनं फक्त बघत होता. दुसऱ्या दिवसापासून धाकट्याकडचं रानातलं दूध यायचं बंद झालं. काकू पिशवीचं दूध आणायला लागल्या. एरवी त्या ते मांजरालासुद्धा देत नव्हत्या.

काकांनी कोर्टात जाणं थांबवलं. खालच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे. एकदा मी भाडं द्यायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, "सगळ्या पेठेला सांगत आलो, कायदा म्हणजे कायदा. आता माझ्या भावाच्या रानात आला म्हणून मी तो वेगळा वाचू? सांग तू."

मी म्हटलं, "वेगळा नको काका. पण सगळा वाचा की. तुम्ही त्या अधिकाऱ्याला त्याच्या उपयोगाचं तेवढंच सांगितलंत."

त्यांनी फटकन पुस्तक मिटलं. मला वाटलं, रागावले. खोली खाली करायला लागते की काय, अशा विचारात मी माडीवर आले. संध्याकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली. हातात पुस्तक, बोट एका ओळीवर. "कलम दहामध्येच आहे. 'शक्य तितकं कमी नुकसान करून'. मी ही ओळ शेकडो वेळा वाचलीय. कधी थांबलोच नाही तिथं."

पुढचे काही दिवस कंपनीच्या माणसांनी जे सोसलं, त्याला तोड नाही. काका घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन बांधावर जाऊन बसले. धाकटा त्यांच्याकडं बघत नव्हता, बोलत नव्हता. काका त्याच्या रानात पाऊल ठेवत नव्हते, स्वतःच्या वाट्यात बसूनच ओरडायचे. मजूर उसातून निघाले की, "ए पावणं! उसातनं न्हाय, बांधावरनं. बांधावरनं नुकसान कमी होतं!" ट्रॅक्टर आला की, "ओल आहे, रुतेल, जमीन दबेल. वाळू दे. थांबणं शक्य आहे, म्हणजे थांबलंच पाहिजे." मुकादम चिडून साहेबांना फोन करायचा. साहेब म्हणायचा, "तो म्हातारा विरोध करतोय का?" मुकादम म्हणायचा, "विरोध न्हाय करत साहेब! मदत करतोय. तेच सोसंना झालंय."

शेवटी कंपनीनंच जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज केला. सुनावणीला काकू मला बरोबर घेऊन गेल्या. काकांचा रक्तदाब त्यांना ठाऊक होता. धाकटाही आला होता. लांब, भिंतीला टेकून उभा.

खुर्चीवरच्या जिल्हाधिकारी मॅडम दमलेल्या दिसत होत्या. "वकीलसाहेब, तुमचा टॉवरला विरोध आहे ना?"

"मुळीच नाही. टॉवर झालाच पाहिजे. कायदा आहे."

मॅडमनी कंपनीच्या अधिकाऱ्याकडं बघितलं. अधिकाऱ्यानं मान खाली घातली.

"मग अडचण काय आहे?"

"कायद्यात 'शक्य तितकं कमी नुकसान' असं लिहिलंय. आत्ताच्या जागी घराचा पाया आहे. लाईन थोडी वळवून बांधाच्या अलीकडं घेतली, तर तिथं नुसता ऊस आहे. ऊस तोडला की परत येतो. घर येत नाही."

अधिकारी नकाशा बघून म्हणाला, "होईल मॅडम. खर्च थोडा वाढेल. पण बांधाच्या अलीकडचा मालक तयार होईल का? तोही हरकत घेईल."

"घेणार नाही," काका म्हणाले. "तो मालक मी आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "तुमच्याच रानात घ्या म्हणताय?"

"मालक कोण आहे ते बघून नुकसान मोजा, असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही."

भिंतीला टेकलेला धाकटा ताठ उभा राहिला. मग तोंडावर टॉवेल धरून बाहेर निघून गेला.

बाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. काकू म्हणाल्या, "तिथं आपण दोन खोल्या बांधणार होतो. तुमची वकिली संपल्यावर."

"व्हय." काका घरी कधी 'व्हय' म्हणत नसत.

"मला विचारायचं तरी."

काका काही बोलणार होते. काकूंनी हात वर केला. "कायद्यात बायकोला विचारायचं लिहिलेलं नसेल. ठाऊक आहे मला. बरं केलंत, पण पुढच्या वेळी विचारायचं." आणि त्या रिक्षात बसल्या.

टॉवर काकांच्या वाट्यात उभा राहिला. धाकट्यानं घर बांधलं, पोराचं लग्न झालं, आणि काकूंकडं रानातलं दूध पुन्हा यायला लागलं. मधल्या काळात मी नोकरी बदलून सांगलीला गेले. मग बातमी आली, की दिल्लीत नवा कायदा आला आणि तारेचा जुना कायदा रद्द झाला. टपालाचाही गेला. मी काकूंना फोन केला. "बसलेत," त्या म्हणाल्या, "दशक्रिया असल्यासारखे. कुणी भेटायला आलं की बरं वाटतं."

धाकट्याच्या घराची वास्तुशांत राहून गेली होती, ती त्यानंतर झाली. मला बोलावणं होतं. घरापुढं मांडव, बांधापलीकडं टॉवर, वर तारांची बारीक घूंऽऽ. वडापचा चालकही इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पूजा झाली आणि पंगतीच्या आधी धाकट्यानं सगळ्यांसमोर काकांना विचारलं,

"आण्णा, तुझा कायदा रद्द झाला म्हणं. मग आता ह्यो टॉवर कवा काढून नेनार?"

माणसं हसली. काका हसले नाहीत. "नवा कायदा वाचला मी. जुना सगळा रद्द केलाय."

"मग?"

"सगळा म्हणजे, एक भाग सोडून. विजेच्या लाईनीपुरता जुन्याचा एक भाग तसाच चालू ठेवलाय."

"कुठला?"

काकांनी टॉवरकडं बघितलं. "रानात शिरायचा."

मग चालक म्हणाला, "म्हंजे इंग्रज सगळ्या देशातनं गेला, आन् आमच्या बांधावर तेवढा राहिला?" आणि मग जो हशा उठला, तो आचाऱ्यापर्यंत गेला. धाकटा डोळे पुसेपर्यंत हसला. हसता हसता त्यानं थोरल्या भावाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला पंगतीकडं नेलं.

काकांना मानाची जागा टॉवरच्या समोर मांडली होती. त्यांनी पाट उचलला, पलीकडच्या रांगेत नेला आणि टॉवरकडं पाठ करून बसले. पुरणपोळी झाली, कटाची आमटी झाली, भात झाला. वाढपी मीठ वाढून गेला, तरी काकांनी अठराशे ब्याऐंशीचा मिठाचा कायदा काढला नाही. शेजारच्यानं मोबाईल काढून पंगतीचा फोटो पाठवला, तरी त्याला तारयंत्र म्हणाले नाहीत. मान खाली घालून जेवत राहिले.

काकू वाढता वाढता माझ्यापाशी थांबल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तू जरा कपाळाला हात लावून बघून ये गं. मला कळू द्यायचे नाहीत. ताप तर नाही ना आला?"